चिकाचा रंग

दसऱ्याला आठ दिवस होते. हर्षदा गोठ्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा आई दोन्ही हातांनी खड्ड्यातून आंबूस वासाचा मुरघास उपसत होती. वर न बघताच ती म्हणाली, "आलीस? चपला तिथंच काढ आन् चुन्यात पाय बुडवून ये."

"आई, तो नियम मीच लिहिलाय."

"म्हणून तर सांगती. लिवणारीच इसरत्यात."

हर्षदाने पाय बुडवले. पुण्याहून निघाल्यापासून तिने एक वाक्य मनात जुळवत आणलं होतं. एसटीत ते तीन-चार वेळा बदललं. फलटणला गाडी बदलताना ते अगदी साधं झालं. आता फक्त तोंड उघडायचं होतं.

वेळूच्या वाडीतला हा गोठा म्हणजे पत्र्याची लांब शेड, वर पाण्याचे तुषार सोडणारे पंखे, आणि दावणीला नऊ गाया. प्रत्येकीच्या डाव्या कानात शर्टाच्या बटणाएवढी एक टिकली, आणि टिकलीत हिरवा ठिपका. हर्षदाची नजर सवयीने नऊ ठिपक्यांवरून फिरली. सगळे हिरवे. पूर्वी तिला त्या ठिपक्यांकडे बघून बरं वाटायचं.

बांधाजवळ झेंडूची चार पोती पडली होती. वरची फुलं काळपट पडायला लागली होती.

"ही कुणाची?"

"बायडाक्काची. मार्केटात कुणी इचारंना म्हणून माघारी आणली. गायास्नी घाल म्हणली. मी म्हणलं ने परत, तर ऐकंना."

"घातली नाहीस?"

"नगं बाई." आईने मुरघासाची पाटी काट्यावर ठेवली, आकडा बघितला, मूठभर काढून घेतला. "गेल्या साली घातली आन् काय झालं ते बघितलं की. तुमच्या कागदात बसत न्हाई, तर कशापायी घालायची?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर हर्षदाला सोपं गेलं असतं.

"आई, एक सांगायचं होतं."

"सांग की."

तेवढ्यात भिंगरी नावाच्या पहिलारू गायीने पाण्याच्या हौदात शिंग घालून नळ वाकडा केला, आणि आई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिकडे धावली. नळ सरळ होईपर्यंत वाक्य घशातून खाली उतरून गेलं होतं.

जेवताना आईनेच विचारलं, "काय सांगणार हुतीस?"

"काही नाही. तू एकदा फलटणला जाऊन तब्येत दाखवून ये. दम लागतोय तुला."

"तब्येत गायांची बघत्यात रोज. मला न्हाई टिकली," आई म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसली. मग तिने हर्षदाच्या ताटात न विचारता आणखी अर्धी भाकरी टाकली.

चारच्या एसटीला सोडायला ती फाट्यापर्यंत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "पुढल्या बारीला दोन दिस तरी ऱ्हा. आलीस काय, गेलीस काय." हर्षदा हो म्हणाली. खिडकीतून तिने हात केला, तोवर आई पाठ फिरवून चालायला लागली होती. धारेची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ वाजता हर्षदाच्या फोनवर एक सूचना आली. ती तिनेच आखलेल्या पद्धतीने, तिनेच निवडलेल्या शब्दांत आली होती. गोठा क्रमांक, आणि खाली: नऊ गाया. सकाळचं खाणं नाही. रवंथ नेहमीपेक्षा कमी.

तिने आईला फोन लावला. मग पुन्हा लावला. मग बायडाक्काला. बायडाक्का फोन कानाला तसाच धरून धावत गेली, तेव्हा चपलांचा आवाज, गायांचं हंबरणं आणि मग बायडाक्काचं ओरडणं हर्षदाने पुण्यातल्या खोलीत उभं राहून ऐकलं. आई गव्हाणीला टेकून बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेली असेल, हृदय थांबलं.

गायांनी खाल्लं नाही हे यंत्राला कळलं होतं. का खाल्लं नाही, हे त्याने विचारायचं असं कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

*

ते यंत्र काय होतं, हे इथे सांगायला हवं.

गायीच्या अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडलं की त्या जागी एक छोटी गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात, कारण ती खरोखर पिवळी असते. कापून पाहिली तर आंब्याच्या फोडीसारखी दिसते. गर्भ धरून ठेवणारं संप्रेरक ही गाठ बनवते. तिचा पिवळेपणा येतो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमधून, आणि त्याच कॅरोटीनपासून गायीचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते कमी पडलं की गाय मुका माज करते, म्हणजे माजावर येऊनही हंबरत नाही, भरवली तरी गाभण राहत नाही, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते. शेतकरी म्हणतात, गाय उलटली. सोबत ई जीवनसत्त्व कमी असलं तर व्याल्यावर वार अडकते, गर्भाशय खराब होतं, आणि पुढचं सगळं वर्ष हातचं जातं.

दोन हजार एकोणचाळीस सालानंतर उन्हाळे लांबले आणि हिरवा चारा वर्षातून चार महिने मिळाला तरी पुष्कळ, अशी अवस्था आली. गाया कडब्यावर आणि मुरघासावर जगायला लागल्या. उन्हात वाळलेल्या कडब्यात कॅरोटीन नावालाही राहत नाही; मुरघासातलं साठवणीत घटत जातं. फलटणच्या आसपासच्या सगळ्या दुधाच्या पट्ट्यातल्या निम्म्या गाया उलटायला लागल्या. पोत्याने जीवनसत्त्वं खाऊ घालून भागत नव्हतं, कारण पहिल्या पोटातले जिवाणू त्यातलं बरंचसं फस्त करत, आणि अ जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही विषासारखं.

त्यावर हर्षदाच्या संस्थेने गोळी काढली. अंगठ्याएवढी जड कुपी, गायीला गिळायला लावली की दुसऱ्या पोटाच्या जाळीत जाऊन बसते आणि दोन वर्षं तिथेच राहते. आत चरबीच्या वेष्टनातली जीवनसत्त्वं आणि कॅरोटीन. किती सोडायची ते कानातली टिकली ठरवते. टिकली कानाच्या पातळ कातडीतून निळा प्रकाश सोडते. कॅरोटीन निळा प्रकाश गिळतं. जेवढा प्रकाश परत येत नाही, तेवढं रक्तात कॅरोटीन. भरपूर असलं की ठिपका हिरवा आणि गोळीचं तोंड बंद. कमी असलं की ठिपका तांबडा आणि तोंड उघडं. टिकलीचं गणित हर्षदाचं होतं. सहा वर्षं तिने त्यात घातली होती.

पहिल्या वर्षी दहातल्या आठ गाया पहिल्याच भरवण्याला गाभण राहिल्या. लोकांनी टिकल्यांना हळदकुंकू लावलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या अहवालात आली नाही. गोळी येण्याआधी आई रोज संध्याकाळी हर्षदाला फोन करायची. बांडी माजावर आलीय, रात्रभर वरडत हुती. कपिलीच्या माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ हाय, उद्या सकाळी भरवती. त्या दोघी आयुष्यात कधी एकमेकींबद्दल बोलल्या नव्हत्या. वडील गेले तेव्हाही आई म्हणाली होती, "गायांनी दोन दिस दूध चोरलं." त्यावरून हर्षदाने ओळखायचं ते ओळखलं होतं. गोळी आल्यावर हे सगळं तिला पडद्यावर दिसायला लागलं. आईने फोनवर सुरुवात केली की ती म्हणायची, "हो, बघितलं मी." दोन-तीनदा असं झाल्यावर आईला सांगायला काही उरलं नाही. फोन रोजचे आठवड्याचे झाले. जेवलीस का, हो, तू, मीपण.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मात्र आईने मुद्दाम फोन केला होता.

"हर्षे, बांडी व्याली. पर चिकाचा रंग बदललाय गं."

"पांढरा आहे?"

"पांढरा न्हाई. पिवळाच हाय. पर ह्यो पिवळा आपला न्हवं. लिंबावाणी दिसतोय. हळदीवाणी पायजे."

"टिकली हिरवी आहे ना?"

"हिरवीच हाय की."

"मग झालं तर. आई, मी मीटिंगमध्ये आहे."

त्या हिवाळ्यात आईच्या पाच गाया उलटल्या. बांडी चार वेळा. संस्थेची चौकशी आली. चौकशीवर हर्षदाचं नाव होतं, आणि गोठा तिच्या आईचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. संस्थेतले तिचे वरिष्ठ बर्वे सर म्हणाले होते, "नको असेल तर दुसऱ्या कुणाला देतो." ती नाही म्हणाली. आईची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून तिने इतर कुठल्या गोठ्याची केली नसती इतकी कडक तपासणी केली. गोळ्या ठीक होत्या. टिकल्या ठीक होत्या. दीड महिना आईने ठरलेल्या चाऱ्यात झेंडूची फुलं मिसळली होती, हे मात्र खरं होतं. अहवालात शेवटी एक रकाना असतो, पशुपालकाचं निरीक्षण. त्यात चिकाच्या रंगाबद्दल आईने सांगितलेलं हर्षदाने लिहिलं नाही. ते मोजलेलं नव्हतं. निष्कर्ष लिहिला: बाहेरचा चारा घातल्याने गोळीच्या कामात अडथळा. पशुपालकाची चूक. खाली सही.

चैत्रात आईने बांडी विकली.

यंदा श्रावणात हर्षदा दुसऱ्याच कामासाठी जुन्या रक्ताच्या नमुन्यांतले घटक नळीतून वेगळे करत होती. आईच्या गोठ्यातल्या नमुन्यांच्या आलेखावर एका उंचवट्याच्या जागी दोन दिसले. छोटा कॅरोटीनचा, मोठा लुटीनचा. लुटीन झेंडूत खच्चून भरलेलं असतं. तेही पिवळं, तेही निळा प्रकाश गिळतं, पण त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. टिकलीला दोन पिवळ्यांतला फरक कळत नव्हता. रक्तात लुटीन वाढलं, टिकलीने ते कॅरोटीन समजून गोळीचं तोंड बंद केलं, आणि नेमकं व्यायच्या तोंडाशी, जेव्हा उरलंसुरलं कॅरोटीन चिकात निघून जातं, तेव्हा गाया उपाशी राहिल्या. फुलांनी काही बिघडवलं नव्हतं. आईच्या गाया तीस वर्षं दर दसऱ्याला झेंडू खात आल्या होत्या आणि फुलांमुळे एकही कधी उलटली नव्हती.

फरक आईच्या डोळ्यांना दिसला होता. लिंबू आणि हळद.

हर्षदाने बर्वे सरांना सांगितलं. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मार्चच्या आवृत्तीत दुरुस्त करू. तोवर बाहेर नको." ती दोन महिने गप्प बसली. मग दसऱ्याआधीच्या त्या बुधवारी वाडीला गेली.

*

दिवस झाले, पाहुणे पांगले. हर्षदा मागे राहिली. गायांना सोडून जाता येत नव्हतं, आणि आईच्या घरात राहायचं तर गायांशिवाय दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

तिला धार काढता येत होती, पण गाया तिला नीट पान्हा सोडत नव्हत्या. पुस्तकात त्याचं कारण होतं: ओळखीचा माणूस नसला की संप्रेरक कमी सुटतं. ती कपाळ गायीच्या पोटाला लावून बसे, तशी आई बसायची, आणि गाय पाय आपटे. कुणाशी काही बोलायचं असा प्रसंग दिवसभरात एखादाच येई. एके संध्याकाळी सहा वाजता तिने फोन उचलून आईचं नाव काढलं, आणि मग तो कोनाड्यात पालथा ठेवला.

पाहुणे गेल्यावर चौथ्या दिवशी भिंगरी व्याली. शिरतोडे डॉक्टर आले. ते सरकारी दवाखान्यातले जुने पर्यवेक्षक. पट्ट्यातली निम्मी जनावरं त्यांच्या हाताने भरवलेली. कालवड झाली, वार आपोआप पडली. डॉक्टरांनी पहिला चीक स्टीलच्या वाटीत काढला आणि वाटी उजेडात धरली. दाट, गडद, केशराकडे झुकणारा पिवळा.

"हां, ह्याला म्हणायचं चीक," ते म्हणाले. "गेल्या साली हौसाक्का अशीच वाटी पदराखाली झाकून माझ्याकडं दवाखान्यात आल्या होत्या. चालत. म्हणाल्या, डॉक्टर, ह्यो पिवळा आपला न्हवं, तुम्ही तरी बघा. मी म्हणलं, टिकली हिरवी हाय ना, मग मी काय बघू?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "बघायला पाहिजे होतं. डोळं मलाबी हायेत."

हर्षदाला वाटलं होतं, आईने फक्त तिलाच सांगितलं होतं.

दुपारी बायडाक्का पिठलं-भाकरी घेऊन आली. ती आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, शेजारच्या वस्तीवर राहणारी, मोठ्या आवाजाची. तिने भिंगरीच्या पाठीवर थाप मारली, कालवडीचे कान ओढून बघितले, आणि दावणीशी बसली.

"चीक वाटलास का?"

"कुणाला वाटू? कुणी येत नाही."

"येत्याल कशी? तुझ्या आईनंच येनं-जानं सोडलं हुतं. फिल्लम दावली तवापासनं."

"कुठली फिल्म?"

बायडाक्का तिच्याकडे बघत राहिली. "आता गं बया. तुमचीच की. डेअरीवर दावत्यात ती. चूक कशी करू न्हाई त्याची."

हर्षदाला फिल्म माहीत होती. तिच्याच अहवालावरून संस्थेने ती केली होती. गावाचं नाव काढून, माणसांचे चेहरे धूसर करून. ती वेगळ्या तालुक्यांत दाखवायची असं ठरलं होतं.

"इथं दाखवली?"

"इथंच. आम्ही सगळ्या बसलेलो. तुझी आई म्होरं, दुसऱ्या वळीत. माणसांची तोंडं पुसलेली, पर गायीचं तोंड कोन पुसतंय? बांडीच्या कपाळावरचा कोयरीवाणी डाग उभ्या वाडीनं वळखला. कुणीतरी मागनं म्हणलं, हौसाक्का, तुमची बांडी हिरोइन झाली की. समद्या हसल्या. मीबी हसले, खोटं कशाला बोलू. तुझी आईबी हसली."

"मग?"

"मग काय. आदी कुणाची बी गाय वरडली तर हौसाक्काला बोलवायची. माज हाय का न्हाई ती लांबनं सांगायची. फिल्लमनंतर कुणी बोलवंना. दोघीतिघींनी बोलवलं तर हीच जाईना. म्हणली, माझं आता काय खरं न्हाई, माझ्या हातनं पाच गाया नासल्या." बायडाक्काने पदराने तोंड पुसलं. "तुला बोलली न्हाई?"

"नाही."

"तुझं नाव खराब व्हईल म्हणून बोलली नसंल."

त्यानंतर बायडाक्का बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. जाताना हळूच म्हणाली, "आन् झेंडू समद्याच घालत्यात बरं का. ह्या वर्षी तर ढीगच्या ढीग हाय. फिल्लममुळं सांगत न्हाईत येवढंच."

हर्षदा गोठ्यात उभी राहिली. तिने फोन काढला आणि पट्ट्याचा नकाशा उघडला. चाळीस हजार गाया, चाळीस हजार ठिपके. दसरा होऊन गेला होता. जवळजवळ सगळे ठिपके हिरवे होते. इतक्या हिरव्यावर संस्थेत कुणी पेढे वाटले असते.

*

"हर्षदा, आधी तू सावर," बर्वे सर फोनवर म्हणाले. "तिथल्या डेअरीवरचं शुक्रवारचं प्रशिक्षण घ्यायला मी दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"सर, बायका फुलं घालतायत. आत्ता. दिवाळीपर्यंत निम्म्या गाया वितील. गोळ्या बंद पडल्यात."

"आपण नाकारत नाही आहोत. आपण वेळ निवडतोय." त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "आज टिकली चुकते म्हटलंस तर लोक टिकल्याच नाही, गोळ्याही काढायला लावतील. मग मुरघासावरच्या गायांना काहीच मिळणार नाही. त्या पाच गायांपेक्षा ते कितीतरी वाईट."

"गोळी कायम मात्रेवर ठेवायची सोय आहे. फोनमध्ये एक बटण आहे. टिकली काहीही म्हणो, ठरलेलं रोज सुटेल. थोडं वाया जाईल, पण विष होणार नाही. एवढं सांगितलं तरी पुरे."

"आणि का दाबायचं ते बटण, असं विचारलं तर?"

तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"बघ," ते म्हणाले. "मग सगळंच सांगावं लागेल. अहवाल चुकला हेही. सही कुणाची आहे हेही. सहा वर्षांचं काम आहे तुझं. आत्ता तुझं मन ठिकाणावर नाही, म्हणून म्हणतोय."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच ते दोन महिने तिला पुरलं होतं. आई जिवंत असती तर कदाचित मार्चपर्यंत पुरलं असतं.

"शुक्रवारी मीच जाईन, सर," ती म्हणाली.

*

डेअरीच्या सभागृहात साठेक बायका आल्या होत्या. पत्र्याखाली उकडत होतं. बायका आपापल्या जागा धरून बसल्या होत्या, पिशव्या मांडीवर, आवाज छपरापर्यंत. हर्षदा आत आली तसा आवाज कमी झाला. हौसाक्काची लेक, कुणीतरी कुणाला सांगितलं. दुसऱ्या रांगेत मध्येच एक खुर्ची रिकामी होती. तिथे कुणी मुद्दाम बसलं नव्हतं की सहज, कळायला मार्ग नव्हता.

डेअरीतल्या माणसाने दिवे घालवले आणि नेहमीसारखी फिल्म लावली. गोळी गायीच्या पोटात कशी बसते, टिकली कशी पुसायची, चुन्यात पाय का बुडवायचे. मग पाटी आली: या चुका टाळा. पत्र्याची शेड दिसली. मुरघासाच्या पाटीवर ओंजळीने झेंडू टाकणारे दोन हात दिसले. चेहरा धूसर होता. हातांवर हिरवं गोंदण होतं, ते तसंच राहिलं होतं. मग बांडी, कॅमेऱ्याकडे बघून रवंथ करणारी.

हर्षदाने उठून फिल्म थांबवली. बांडी पडद्यावर तोंड वाकडं करून उभी राहिली. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"दिवे लावा," हर्षदा म्हणाली.

तिने आणलेला कागद बाहेर काढलाच नाही. पाच मिनिटांत तिने सांगायचं ते सांगितलं. दोन पिवळे असतात. एक कामाचा, एक नुसता दिसायला. टिकलीला दोन्ही सारखेच दिसतात. झेंडू खाल्लेल्या गायीची टिकली हिरवी होते आणि गोळी बंद पडते. गाय वरून भरलेली, आतून रिकामी. आत्ता सगळ्यांनी फोन काढा, गोळीच्या चित्रावर बोट ठेवा, खाली 'कायम मात्रा' असं येईल, ते दाबा. ज्यांना जमत नाही त्यांना शेजारणीने दाखवा.

खळबळ उडाली. फोन निघाले. "माझ्यात तसलं काय येतच न्हाई." "अगं चष्मा लाव आदी." "कायम म्हंजी कवरपतूर?" बायडाक्का उठून तिघींचे फोन एकदम हातात घेऊन उभी राहिली.

तिसऱ्या रांगेतली एक उंच बाई उभी राहिली. तिने पिशवी काखेत धरली होती. "मंजी म्याडम, फुलं घालायची का न्हाई?"

"घाला. फुलांनी काही होत नाही."

"आन् ह्या फिल्लममधी तर चूक म्हणून दावलीय."

"चूक नव्हती."

"मग हितं असं का लिवलंय? कुणी लिवलं?"

"मी लिहिलं."

बटण दाबणाऱ्या बायकांनी हात थांबवले. उंच बाई खाली बसली नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग हौसाक्का काय म्हणली हुती तवा? तिला काय दिसलं न्हाई व्हय?"

"दिसलं होतं," हर्षदा म्हणाली. "टिकलीच्या आधी तिला दिसलं. बांडी व्याली त्याच दिवशी तिने मला फोन केला. चिकाचा रंग वेगळा आहे म्हणाली. डॉक्टरांनाही वाटी नेऊन दाखवली. मी तिचं म्हणणं अहवालात घेतलं नाही. लिहायला जागा होती. मी ती रिकामी सोडली."

"आन् मग कळल्यावर? तिला सांगितलंस का?"

हर्षदाने मान हलवली. पण मान हलवणं म्हणजे सांगणं नव्हे, हे तिला उभ्या उभ्या समजलं. साठ बायका तिच्याकडे बघत होत्या. पंखा घरघरत होता.

"नाही," ती म्हणाली. "मला श्रावणात कळलं. दसऱ्याच्या आधी मी सांगायला आले होते. जेवले, आणि तशीच गेले. ती गेली तेव्हा तिला वाटत होतं की पाच गाया तिच्या हाताने नासल्या."

बायडाक्काने तिघींचे फोन छातीशी धरले होते.

हर्षदा पडद्याकडे वळली नाही, रिकाम्या खुर्चीकडेही तिने बघितलं नाही. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. आवाज तिला हवा होता तसा आला नाही, पण मागच्या रांगेपर्यंत पोचेल इतका आला.

"आई, तुझं बरोबर होतं. चूक माझी होती. मला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही."